काचेतली अन्नपूर्णा

अरेरा कॉलोनीतल्या बंगल्याचा पुढचा अर्धा भाग भालचंद्ररावांनी कधीच संग्रहालयाला देऊन टाकला होता. जहागीर गेली, पण जुन्या वस्तूंचा नाद काही सुटला नाही. कुणाच्या घरी नक्षीचं पानदान दिसो की गंजकी कट्यार, हा गृहस्थ तिथेच ठाण मांडायचा आणि वस्तू घेऊनच उठायचा. स्वतःचं घरही त्यांनी सोडलं नाही. सिंधूताईंनी लग्नात माहेरून आणलेली पितळी अन्नपूर्णा त्यांनी एकदा देव्हाऱ्यातून उचलली, भिंगाखाली धरली आणि हरखून गेले. दोन दिवसांत परत ठेवतो म्हणाले. ते दोन दिवस अजून संपायचे होते. सिंधूताईंनी तिच्या जागी एक सुपारी मांडली आणि तिचीच पूजा करत राहिल्या.

आता नात शर्वरीचं लग्न बरखेड्यातल्या मुलाशी ठरलं होतं. नवरीला सासरी न्यायला अन्नपूर्णा हवी. जेवताना विषय निघाला तेव्हा शर्वरी म्हणाली, जवाहर चौकातून नवी आणू, उसमें क्या है. "माझी असती तर दिली असती," सिंधूताई म्हणाल्या आणि पोळी वाढायला उठल्या. काचेआड गेलेली वस्तू बाहेर येणार नाही, हा नियम भालचंद्ररावांचाच. भल्याभल्यांना त्यांनी तो ऐकवला होता.

दुपारी ते दालनातल्या आरामखुर्चीत टेकले. पडद्यांतून पिवळं ऊन झिरपत होतं. बघता बघता कपाटांच्या काचा पाण्यासारख्या हलल्या. पानदान खाली उतरलं, कट्यार उतरली, हुक्का उतरला, आणि सगळे मुजरा करून आपापल्या घरी निघाले. कुणाची काही तक्रार नव्हती. अन्नपूर्णा तेवढी हातातली पळी सांभाळत बसून राहिली.

तुला नाही का जायचं, त्यांनी विचारलं.

"माझं घर भिंतीपलीकडेच आहे," ती म्हणाली. "रोज घंटा ऐकू येते."

जाग आली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. लाज वाटली त्यांना. त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मूर्ती घेऊन आत गेले.

"सिंधू, चुकलं माझं."

सिंधूताईंनी मूर्ती हातात घेतली. किती काळवंडलीय, म्हणाल्या आणि चिंच भिजत घातली. तो काळेपणा म्हणजे वस्तूचं वय, तो घासून काढला की वस्तू गेली, हे भालचंद्ररावांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं. तरी ते तांब्या घेऊन पाणी घालत उभे राहिले. चिंचेखालून मूर्ती लखलखीत निघाली. सिंधूताई तिच्याकडे बघून हसल्या, आणि मग रडल्याही.

"तुमच्या कपाटात आता जागा रिकामी राहणार," डोळे पुसत त्या म्हणाल्या, आणि देव्हाऱ्यातली सुपारी त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "ही न्या."

भालचंद्ररावांनी ती उजेडात धरली. रोजच्या बोटांनी गुळगुळीत झालेली, रेघारेघांत हळदकुंकू मुरलेलं. अशी वस्तू त्यांच्या साऱ्या दालनात नव्हती. त्यांची मूठ आपोआप मिटली.

"आणि तुला? अन्नपूर्णा तर शर्वरीबरोबर जाणार."

"मांडीन दुसरी. सवय आहे मला."

भालचंद्ररावांनी मूठ उघडली आणि सुपारी देव्हाऱ्यात, होती तिथे, ठेवली.