दोनशे शहाऐंशी कुणाची?

मी अमीनाच्या घरातली साखर मोजायची मशीन बोलतेय. मुठीत मावते, पण गप्प बसायला सांगू नका. परवापासून मला गप्प बसवतच नाही.

अमीनाच्या मुलानं, अर्शदनं, मला कुवेतहून रोह्याला पाठवलं. आल्या दिवशीच मी तीनशे दहा दाखवले. झालं! अख्खी आळी तिच्यावर तुटून पडली. शेजारची गिरजाबाई म्हणायची, "चोरून शिरखुर्मा खातेस गो तू!" अमीना तर चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायची. तरी घाम फुटायचा, छाती धडधडायची, आकडा उतरायचा नाय. इन्सुलिन वाढलं, टोमणे वाढले. वर मलाच दोष, "मशीनच खोटारडी हाय!" खोटं मी बोलत नव्हते. मला फक्त कारण सांगता येत नाही.

कारण मुंबईच्या डॉक्टरांनी शोधलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते, तिच्यात गाठ. त्या गाठीच्या रसानं रक्तदाब चढतो आणि साखरही. ऑपरेशन करून गाठ काढली. घरी धाडताना डॉक्टरांनी सुनेला, अफशाला, बजावलं, "आता साखर खाली येईल. इन्सुलिन निम्मं केलंय. घाम आला तर आधी मोजायचं."

पण घाम म्हणजे साखर चढली, हे दोन वर्षं डोक्यात बसलेलं. ते कसं निघणार?

त्यात मी एकट्या अमीनाची कुठे? आळीत मशीन एकच. ज्यानं त्यानं आपली नवी सुई आणायची, बोट पुढे करायचं, आकडा बघायचा, चहा पिऊन जायचं. परवा सकाळी गिरजाबाई मोजून गेली. तासाभरात अमीना घामानं निथळली, हात थरथरायला लागले. अफशानं घाईघाईत माझं बटण दाबलं. मागचाच आकडा वर आला. दोनशे शहाऐंशी.

"अम्मी, परत चढली!" तिनं इन्सुलिन भरलं.

माझा जीव वरखाली. अगो, ती गिरजाबाईची! पण एका टूंशिवाय मला आवाज नाही.

सुई पोटाशी आली आणि अमीनानं सुनेचं मनगट धरलं.

"माझं बोट टोचलंस कधी?"

"आकडा दिसतोय ना, अम्मी..."

"आकड्याला काय चाटू? बोट टोच!"

बावन्न. साखर चढली नव्हती, पार खाली गेली होती.

अफशा पांढरीफटक. साखरेचं पाणी करताना निम्मं ओट्यावर सांडलं. अमीना गटागटा प्यायली आणि म्हणाली, "रडतेस काय? अजून साखर घाल." मग डॉक्टरांना फोन गेला. त्यांनी इन्सुलिन बंदच केलं.

आता अमीनाचा आकडा शंभराच्या आसपास असतो. मला मात्र चैन नाही. माझ्या पोटात साऱ्या आळीचे आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. या, मोजा, मी नको म्हणत नाही. पण माझ्याकडे बघून कुणाला औषध टोचू नका. आधी त्या माणसाचं बोट हातात घ्या.