ह्यातला मत्ते कोण?

बोरटेकच्या घाटावर कॅमेरा कोण लावू देईल, असं नांदेडात महामायाला ज्यानं त्यानं विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं होतं. ज्याचं घाटावर राज्य आहे, तोच देईल.

राज्य बालाजीदादाचं होतं. गोदावरीच्या पात्रातली वाळू त्याच्या पंपांनी वर यायची आणि त्याच्या हायवा ट्रकांनी शहरात जायची. तहसीलदार साहेबांची गाडी छाप्यासाठी कचेरीतून हलली, की चौकाचौकांत बसलेली त्याची माणसं फोनवर 'लोकेशन' द्यायची. असा माणूस लपायला बघतो, असं आपल्याला वाटतं. महामायानं माणसं जरा जवळून तोलली होती. चोरून राज्य करणाऱ्याला एकच दुःख असतं, आपला थाट कुणी बघत नाही.

"मी घाटावरच्या माणसांची फिल्म करतेय, दादा."

"मी बी येईन का त्याच्यात?"

"तुम्हीच तर जास्ती याल."

"पण खरं दाखवताल ना? उगं कायबी न्हाई."

"खरंच दाखवणार."

"हाव, मग लावा कॅमेरा," असं म्हणून दादा गाडीत गेला आणि गॉगल बदलून आला.

ह्या सौद्यात खोटं कुणी बोललं नाही. फक्त 'खरं' हा शब्द दोघांनी आपापल्या मापानं मोजून घेतला. पुढं वर्षभर महामाया घाटावर येत राहिली. दादानं पंपावर पाय ठेवून "ही नदी माही माय हाय" असं सांगितलं, आणि वारा मध्ये आला म्हणून दुसऱ्यांदा, जास्त मायेनं सांगितलं.

महामाया मात्र आली होती ती केवळाबाईच्या पोरासाठी.

केवळाबाई घाटावरच्या ड्रायव्हरांना भाकरी करून घालायची. तिचा व्यंकट पंपावर कामाला होता. पंपाचा पाइप तळाशी चोंदला की बुडी मारून मोकळा करायचा, हे त्याचं काम. एका दुपारी तो खाली असतानाच पंप चालू झाला, वाळूचा कडा ढासळला आणि व्यंकट परत वर आला नाही. कागदावर लिहिलं गेलं : अंघोळीस गेला असता पाय घसरून मृत्यू.

"घाटावरचा पोरगा, अन् अंघोळीत मरतोय व्हय?" केवळाबाई भाकरी थापता थापता म्हणायची. "मला काही नको, माय. तेवढी अंघोळ पुसून दे."

पुसणार कशी? बघणारे पुष्कळ होते, बोलणारा कुणी नव्हता. ज्याच्या त्याच्या घरी चूल होती, आणि चुलीची दोरी दादाच्या हातात. शेवटी एकटा गुरुलिंग तयार झाला. तो निलंग्याकडचा, हायवाचा ड्रायव्हर. सणाला गावी जातो म्हणून निघाला आणि वाटेत लातूरला उतरला. गंजगोलाईतल्या त्याच्या साडूच्या दुकानावर एक खोली होती. तिथं पोत्यांच्या थप्पीला टेकून तो कॅमेऱ्यासमोर बोलला.

"मी दादाला म्हटलं, व्यंकट खाली हाय. मत्ते दादा म्हणाला, चालू कर. मत्ते म्हटलं, वर येऊ द्या की त्याला. मत्ते त्यानं सोताच बटन दाबलं."

बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, माझं तोंड दिसंल का?"

"नाही दिसणार. आवाजही बदलू. तुमच्या बायकोलासुद्धा ओळखू येणार नाही."

"तिला आलं तर चालतंय. दादाला नको."

हा शब्द महामायानं दिला, आणि इथंच तिचं चुकलं.

फिल्म पुण्यात शिवांश नावाचा संपादक जुळवत होता. कामाला पक्का, पण मराठवाडा त्यानं रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेला. त्यानं गुरुलिंगचा चेहरा धुरकट केला, आवाज विहिरीतून आल्यासारखा केला आणि खाली अक्षरं घालून पाठवली. महामाया नांदेडला घरी बघत बसली. मागं तिचे वडील, आनंदराज, पेपर वाचत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते पेपर मोठ्यानं वाचायचे, त्यामुळं तिनं कानाला हेडफोन लावलेला. पडद्यावर अक्षरं आली : 'मते दादा म्हणाला, चालू कर.'

तिनं फोन लावला. "शिवांश, 'मते' काय?"

"निवडणुकीतली मतं ना, ताई? मला वाटलं ह्या सगळ्यामागं राजकारण आहे. तो दर वाक्याला मतं मागतोय."

"अरे, मत्ते! कानडी आहे ते. निलंग्याकडं कानडी दाराशीच असते. मत्ते म्हणजे मग, आणि, पुन्हा, जे लागेल ते."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. वर्षभर ऐकून कान इतके सवयीचे झाले होते, की तिला तो शब्द ऐकूच येईनासा झाला होता. पण घाटावर मत्ते म्हणणारा माणूस एकच होता. नुसता म्हणणारा नव्हे, त्याचं नावच ते पडलं होतं. "मत्ते आला का?" "मत्तेची गाडी भरा." तोंडावर कितीही धूर सोडा, माणूस दर वाक्याला आपलं नाव सांगत होता.

"तेवढा शब्द कापू का?" शिवांशनं विचारलं.

"कापलेला जबाब म्हणजे फाटकी नोट. दादाचा वकील पहिलं तेच दाखवील, हे बघा, जोडलेलं आहे."

"मग अख्खा माणूसच काढू."

"मग अंघोळ राहिली."

शिवांशला ही अंघोळ काय ते कळलं नाही, आणि समजावायला तिला सवड नव्हती. ती घाटावर गेली.

दादा त्या दिवशी माहूरला दर्शनाला गेला होता. पंप बंद होते. केवळाबाईच्या चुलीभोवती ड्रायव्हर जेवत होते. महामायानं गुरुलिंगला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. माझी चूक आहे, तुम्ही नको म्हणाल तर तुमचं बोलणं काढून टाकते, हेही सांगितलं.

गुरुलिंग नखानं वाळू उकरत राहिला. "काढू नका," तो म्हणाला. "व्यंकट खाली हाय हे मी म्हटलं व्हतं. ते कुठंतरी राहू द्या. मत्ते... बघू."

"बघा, मत्ते बघू म्हणतोय!" चुलीवरून केवळाबाई ओरडली. तिच्या कानातून काही सुटत नसे. तिनं त्याची हुबेहूब नक्कल केली : "मत्ते भाकर वाढ, मावशी. मत्ते कांदा दे. मत्ते पाणी." जेवणारे हसले. वैजनाथ हा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. तोंडातला घास न गिळताच त्यानंही गुरुलिंगचा मानेचा झटका घेऊन "मत्ते निघतो मी" करून दाखवलं. मग एकामागून एक सगळेच सुरू झाले. कितीतरी वर्षांची करमणूक होती ती. प्रत्येकाला पाठ.

महामाया डोळे मिटून ऐकत होती. मिटल्या डोळ्यांना त्यातला गुरुलिंग निवडता येईना.

तिनं डोळे उघडले. "वैजनाथमामा, व्यंकट गेला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

वैजनाथनं भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"बोला की," केवळाबाई म्हणाली. परात तिनं खाली ठेवली. "माह्या हातची भाकर खाताय."

"मावशी, बोललो असतो गं. पण ओळखलं तर..."

"मामा," महामाया म्हणाली, "तोंड धुरकट, आवाज विहिरीतला. आणि दर वाक्याला मत्ते. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगायचं, एक अक्षर जास्ती नको. फक्त बोलायचं ह्याच्यासारखं. मग कोण बोललं, हे दादा कसं सांगेल?"

वैजनाथनं गुरुलिंगकडं पाहिलं. "तुझं नाव उसनं देतो का रे?"

"घ्या की," गुरुलिंग म्हणाला. "मत्ते परत करू नका."

ते सगळे एकेक करून लातूरला गेले. कुणी साडीखरेदीला, कुणी पोराला क्लास लावायला. लातूरला जायला कारण कधी कमी पडत नाही. त्याच खोलीत, त्याच पोत्यांना टेकून बोलले. कुणी पंपाचा आवाज ऐकलेला, कुणी दादाला बटणाकडं जाताना पाहिलेलं. वैजनाथनं, व्यंकटचे कोरडे कपडे अंघोळीत धुतल्यासारखे दिसावेत म्हणून दादाच्या माणसांना ते नदीत भिजवून काठावर ठेवताना पाहिलं होतं. महामायानं प्रत्येकाचं खरं नाव आणि न झाकलेलं चित्रण वकिलाकडं सुरक्षित ठेवलं. कोर्टानं मागितलं तर आम्ही उभे राहू, असं प्रत्येकानं आपण होऊन म्हटलं. एकट्यानं जे पेलवत नव्हतं, ते वाटून घेतल्यावर जमायला लागलं होतं.

झाकलं नाही ते फक्त केवळाबाईला. "मला कशाला झाकता? मी का चोरी केली? आन् मी मत्ते-बित्ते म्हणणार न्हाई. मी त्याची माय हाय, माह्याच तोंडानं बोलणार."

फिल्म आली त्या सकाळी ती घाटावरच्या प्रत्येक फोनवर होती. दादानं आधी आपला नदीमायवाला भाग दोनदा बघितला, आणि मग पुढचा. त्यानं सगळ्यांना पंपापाशी उभं केलं. महामाया केवळाबाईशेजारी येऊन उभी राहिली. दादा तिच्याकडं वळला.

"खरं दाखवते म्हणाली व्हतीस."

"दाखवलं की, दादा."

तो रांगेकडं फिरला. गुरुलिंगपुढं थांबला. "तूच ना रे मत्ते?"

"हाव, दादा. मत्ते मीच."

"म्हणजे तूच बोललास."

"पर फिल्ममधी तर लई मत्ते हाईत," वैजनाथ रांगेतूनच म्हणाला. "मत्ते कंचा धरताव?"

"मी बी मत्तेच," पलीकडून एक आवाज आला. मग आणखी एक. दादाचा लोकेशन देणारा माणूस झाडाखाली बसून फोनकडं बघत होता. त्याच्याही तोंडून निघून गेलं, "मत्ते आता काय करावं, दादा?"

दादाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "लई झालं! एकेकाला बघून घेतो! मत्ते पंप चालू करा!"

मग केवळाबाई हसली. पोर गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. तिच्यामागून अख्खी रांग हसली. दादाला आपण काय बोललो ते कळेना, आणि सांगायला कुणी तयार होईना. पंपाकडं कुणी हललं नाही. त्यानं स्वतःच बटणाकडं हात नेला, सगळ्यांच्या नजरा त्या हातावर गेल्या, आणि हात मागं आला.

चौकशीचा कागद पुढं फिरला. कचेरीत साहेबांनी विचारलं, "पहिला जबाब कोणाचा?"

गुरुलिंग पुढं झाला. त्यानं बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं नीट सांगितलं. इथं त्यानं तोंड झाकलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघत बसले होते, आणि केवळाबाईनं सगळ्यांसाठी भाकरी बांधून आणली होती.

"हं, सांगा," साहेब म्हणाले. "व्यंकट अंघोळीला गेला होता का?"

"न्हाई, साहेब," गुरुलिंग म्हणाला. "कामाला गेला व्हता. मत्ते लिहा."