बिनकाट्याचं निवडुंग

किल्लारीत माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. तुरीचं असो की सोयाबीनचं, पान हातात दिलं की रोग सांगतो. त्यामुळे एका कुंडीतल्या निवडुंगानं ओळीनं तीन हिवाळे माझं नाक कापलं, ते मला चांगलंच झोंबलं होतं. गावाला सल्ले देणारा माणिकप्पा, आणि घरच्या झाडाला एक कळी धरेना!

निवडुंग काही हौसेनं आणलं नव्हतं. माझ्या बायकोनं, गंगम्मानं, मागितलं होतं. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे मागितलेली ही दुसरी वस्तू. पहिली इन्व्हर्टर.

इन्व्हर्टरचं आधी सांगतो. भूकंप झाला तेव्हा गंगम्मा आठ वर्षांची होती. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटेच्या आत घरं खाली आली. ती बाजेखाली सापडली, दुपारी. आई-वडील गेले. निलंग्याला मामानं वाढवलं, आणि लग्न होऊन ती परत याच गावात आली, नव्या वसाहतीत. पण अंधारात झोपणं तिला कधी जमलं नाही. दिवस कलला की ओसरीतली ट्यूब लागायची, पुढच्या खोलीतला दिवा लागायचा, आणि दोन्ही सकाळपर्यंत जळायचे. ती झोपायची पुढच्या खोलीत, दाराशी. दाराला कडी नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत कंदील असायचा. इन्व्हर्टर आला तेव्हा घरात फ्रिजसुद्धा नव्हता.

आणि निवडुंग तिच्या आईचं होतं. म्हणजे तसलंच. वडील हैदराबादला एका बंगल्यात माळीकाम करायचे, तिथून एक कांडी आणून त्यांनी डालड्याच्या डब्यात लावली होती. काटे नाहीत, पानाला पान जोडलेलं, आणि थंडीत दुसरं काही फुलत नसताना टोकाटोकाला गुलाबी फुलं. पहिलं फूल उमललं की आई आंघोळ करून बसायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायची आणि ते फूल त्यावर वाहायची. गंगम्मा समोर बसून बघायची. तिला आईच्या हातावरचं भस्माचं बोट आठवतं, लुगड्याचा रंग आठवतो, ते फूल आठवतं. चेहरा आठवत नाही. एकही फोटो ढिगाऱ्यातून निघाला नाही.

"ते फूल डोळ्यांसमोर आलं ना," ती एकदा मला म्हणाली, "तर तिचं तोंडबी दिसंल. मला वाटतंय तसं."

साडेतीन वर्षांपूर्वी आषाढात खत कंपनीच्या मीटिंगला नांदेडला गेलो होतो. तिथल्या एका नर्सरीत तसलं झाड दिसलं, फुलं नसलेलं. नर्सरीवाला सुदर्शन म्हणाला, "ख्रिसमस कॅक्टस आहे, डिसेंबरात फुलतंय." कुंडी मांडीवर घेऊन मी बसनं घरी आलो. गंगम्मानं पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हेच." ओसरीत ट्यूबच्या खाली तिनं ते टांगलं.

मग मी माझी विद्या पाजळली. विद्राव्य खत दिलं, सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली, शेणखत, निंबोळी पेंड. झाड फोफावलं, हिरवंगार झालं, आणि कळी एक नाही. दर डिसेंबरात ती रोज सकाळी टोकं चाचपायची. दर संक्रांतीला चाचपणं थांबवायची. ती मला एक शब्द बोलायची नाही, आणि तेच मला सहन व्हायचं नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी मी सुदर्शनला फोन लावला आणि तोंड सोडलं. फसवलंस म्हणालो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक, रात्री झाडावर लाईट लावून राहिले का?"

"लावतो की. रात्रभर."

"मग सात जन्म फुलणार न्हाई. त्याला अंधार लागतो. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत, दीड महिना. एकदा कळ्या धरल्या की मग लाईट लावा, काही होत न्हाई. पण कळी धरल्यावर कुंडी हलवू नका."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. उपाय तर सोपा होता. संध्याकाळी मी कोंबड्यांचं डालगं आणलं, त्यावर पोतं टाकलं आणि कुंडी खाली घेऊन त्यावर पालथं घालायला लागलो. गंगम्मा आतून धावत आली. माझ्या हातातलं डालगं तिनं हिसकावलं.

"झाकू नगा त्याला!"

"अगं, रात्रीपुरतं."

"जित्या जिवावर असं पालथं घालत्यात व्हय?" तिला धाप लागली होती. "दम कोंडतो."

कोठीच्या खोलीत ठेवून दार लावू म्हणालो, त्यालाही तेच उत्तर. मी चिडलो. "मग फूल विसर!" असं बोलून बसलो आणि जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या स्वतःला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद करून आलो तर ओसरीत अंधार. पुढच्या खोलीतही अंधार. गंगम्मा कुंडीशेजारी भिंतीला टेकून बसली होती.

"बसा," ती म्हणाली. "बोलत ऱ्हावा काहीतरी."

मी बोलत राहिलो. तुरीवर अळी पडली ते, अमृतरावाचा ट्रॅक्टर नाल्यात गेला ते, लातूरला नीटच्या क्लासला राहिलेली आमची लेक स्वप्नाली मेसच्या भाजीला कशी नावं ठेवते ते. तिचा हात माझ्या हातात होता आणि घामानं ओला होता. पहिला आठवडा तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मी म्हणालो, सोड हा नाद. ती नाही म्हणाली. स्वयंपाकघरातला दिवाही दार लोटून लावायचो, जेवायचो आणि मालवायचो.

दिवाळीत खरी पंचाईत झाली. गल्लीत घराघरावर माळा, आकाशकंदील, आणि आमच्याच दारात काळोख. शेजारचा बजरंग काळजीनं विचारायला आला, कुणाचं काही बरंवाईट झालं का? पणत्या आम्ही परसदारी लावल्या होत्या. त्याला निवडुंगाचं सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच फवारणीचं औषध पिऊन बसलो होतो. पण त्यानं आपल्या माळेचं आमच्या बाजूचं टोक काढून ठेवलं, हेही सांगितलं पाहिजे.

नोव्हेंबरच्या शेवटी पानांच्या टोकांना लाल ठिपके दिसले. तांदळाच्या दाण्याएवढे. मी दुकानातलं भिंग आणून पाहिलं. कळ्याच! कुंडीला मी हात लावू दिला नाही कुणाला, झाडायलासुद्धा नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, पहिलं फूल उमललं. गुलाबी. गंगम्मा ते बघत नुसती उभी राहिली. मग आंघोळ करून आली, पाटावर बसली, इष्टलिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं आणि फूल वाहिलं. मी समोर बसलो. तिनं डोळे मिटले. मला दुकानाची वेळ झाली होती, पण मी हललो नाही. देवाजवळ मी सहसा काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"दिसली?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. न्हाई.

दीड महिन्याचा अंधार या बाईनं कशासाठी सोसला होता? तेवढ्यात तीच बोलली.

"गेली तवा आई चोवीस वर्षांची होती हो."

"हाव."

"पंधराव्या वर्षी लगीन झालेलं. आपली स्वप्नाली अजून सात वर्षांनी चोवीसची होईल." ती हातावरच्या फुलाकडे बघत होती. "मी एकतीस वर्षं म्हणायलेय, आईनं मला उचलून बाहीर का न्हाई नेलं. रोज म्हणायलेय. कुणाला सांगितलं न्हाई. आन् ती तर पोरगीच होती की. तीबी भ्याली असंल अंधारात. तिला कोण होतं बोलत ऱ्हायला?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एका हातात लिंग, दुसरा भस्मानं माखलेला, त्यामुळे ती ते पुसू शकत नव्हती. मी पुसलं.

"मला तिला कडेवर घ्यावं वाटायलंय," गंगम्मा म्हणाली.