घरटं निर्दोष

तिने सुईच्या टोकावरचा किडा काचपट्टीवरच्या थेंबात सोडला, वर पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मागे पलंगावर अण्णा भिंतीला पाठ घासत होते. पंधरवडाभर त्यांचं हेच चाललं होतं. ना झोप, ना जेवणावर वासना.

खिडकीबाहेर पारव्याचं घरटं होतं, त्यात दोन पिल्लं. पाखरांचे माइट, ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे, अंगावर येतात, रक्त पितात, तेव्हा घरटं आजच्या आज फेकायचं, असं वहिनीचं म्हणणं. अण्णा खिडकी अडवून बसलेले. शेवटी, पाखरांवरचे माइट हाच लेकीचा विषय, निकाल तिनेच द्यावा, असं सासरे-सुनेचं ठरलं. वहिनीने पिशवी मात्र आधीच उघडून ठेवली होती.

“काय गं, आरोपी काय म्हणतो?” अण्णांनी दंड खाजवत विचारलं.

“थांबा, तोंड बघू दे त्याचं.”

प्राणी कुठल्या घरात, म्हणजे कुळात, बसवायचा ते कळेना, तर तो खातो काय ते विचारावं, हे अण्णांनी जन्मभर पहिलीच्या पोरांना शिकवलं होतं. तिलाही. रक्त पिणाऱ्याचं तोंड सुईसारखं लांब असतं. याचे नुसते आखूड चिमटे होते. रक्त पिणाऱ्यांना असतात तशी पायांजवळची श्वासाची छिद्रंही नव्हती. तिने घरट्यातल्या काड्या झटकल्या, खिडकीच्या फटी, उशीची शिवण तपासली. सापडले ते सगळे याच घरचे, पिसांवरच्या तेलावर जगणारे. माणसाच्या वाटेला न जाणारे.

“घरटं निर्दोष,” ती म्हणाली.

अण्णा खिडकीकडे वळून पिल्लांना सांगू लागले, की सुटलात रे, आता तरी नीट खा.

वहिनीने पिशवीची घडी घातली.

“मग अण्णांना चावतंय कोण? मी?”

अण्णा मोठ्याने हसले. लेक हसली नाही. सकाळपासून तिने किडेच पाहिले होते. आता तिने त्यांचे हात पाहिले. नखांचे ओरखडे होते, चाव्याचा ठिपका एकही नव्हता.

“अण्णा, जरा उजेडात या.”

किडा बघायला मिळणार म्हणून ते लगबगीने उठले, चष्मा काढून भिंगाशी वाकले. तिने त्यांची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढली. बुबुळाभोवतीचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं. कावीळ; खाज आतूनच येत होती.

“अगं, किडा दाखव ना,” अण्णा म्हणाले.

“दाखवते,” ती म्हणाली. “वहिनी, आधी गाडी बोलाव.”