पट्टा घट्ट करा

सकाळपासून तिसऱ्यांदा फोन केकाटला, ‘पट्टा सैल आहे. घट्ट करा.’

सून लॅपटॉप सोडून उठली आणि तिने सासूबाईंच्या छातीवरचा पट्टा आणखी आवळला. हृदयाचे ठोके टिपून ते वायरशिवाय फोनकडे पाठवणारा तो पट्टा महिन्याभरापूर्वी घरात आला आणि दोघींच्या कुरबुरींना नवा विषय मिळाला.

“आणखी किती आवळशील? मी काय गाठोडं आहे?” सासूबाई म्हणाल्या, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती. “गळून गेल्यासारखं वाटतंय गं.”

“आई, तसं काही असतं तर फोनने बोंब ठोकली असती.”

हे तिने बेधडक सांगितलं, कारण पट्ट्याचं हे ॲप बनवणाऱ्या कंपनीतच ती कामाला होती. घरबसल्या आलेख बघायचे आणि शेरा मारायचा, ‘खरा धोका’ किंवा ‘पट्टा सैल’. तिच्या शेऱ्यांवरूनच ॲप शिकलं होतं. दिवसाला सहाशे आलेख, मान वर करायला फुरसत नाही. रेघ क्षीण आणि तुटक दिसली की ती डोळे झाकून ‘पट्टा सैल’ ठोकायची. अंगाने किरकोळ म्हाताऱ्यांच्या रेघा बऱ्याचदा तशाच असायच्या.

सासूबाई पुढे काही बोलल्याच नाहीत. समोरच्याचा शब्द खाली पडू न देणारी बाई गप्प! सुनेने त्यांचं मनगट धरलं. एक ठोका. दुसरा. मग काहीच नाही. मग तीन घाईघाईने.

फोनवर तीच रेघ होती, क्षीण आणि तुटक. खाली तिनेच शिकवलेलं वाक्य.

तिने ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला. “आई, बोला काहीतरी! मला शिव्या द्या, पण बोला!”

दवाखान्यात तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “वाचल्या. आणखी अर्धा तास फोनवर विसंबला असतात, तर हाती लागल्या नसत्या.”

धावत आलेला नवरा म्हणाला, “तू या कामातली आहेस म्हणून आई वाचली.” तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने तिथूनच साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

“सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊ,” साहेब म्हणाले.

“तोवर माणसं थांबतील?”

तिने फोन ठेवला आणि त्यावरच कामाची, ग्राहकांच्या नंबरांची यादी उघडली. आज सकाळपासून एकशे चाळीस घरी तोच निरोप गेला होता. तिने पहिला नंबर फिरवला.

“हो, आला होता मेसेज,” एक मुलगी हसत म्हणाली. “पट्टा घट्ट केला. बाबा जरा दमले होते, आता शांत झोपलेत.”

“त्यांना उठवा,” ती म्हणाली. “आत्ता. मी फोन धरते.”