कळपाचं औषध

सोनाजीला झालंय तरी काय, याचा निकाल धनगरवाडीनं पहिल्या महिन्यातच लावून टाकला होता. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं पित्त आहे, आणि ज्यांना दोन्हीतलं काही कळत नव्हतं ते म्हणाले आळस आहे. वाडीत पाणी विकत घ्यावं लागतं, निदान मात्र फुकट मिळतं.

त्याच्या बायकोला, सखूबाईला, यातलं एकही पटलं नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून कळपामागं जाणारा हा माणूस आता दिवसभर बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडायचा. मेंढरं गेली काय, आली काय, त्याला सोयरसुतक नसायचं. एकदा तिनं भाकरी पुढं केली, तर तो हळूच म्हणाला, "माझ्यावाचून तुमचं काय आडतंय?"

शब्द साधेच होते, पण सखूबाईला त्यात मरणाची भाषा ऐकू आली. त्या दिवसापासून तिनं त्याला नजरेआड होऊ दिलं नाही, आणि आठवड्याच्या आत कन्नडला एसटीत घालून संभाजीनगरला आणलं. छावणीकडच्या बाजूला डॉ. काकासाहेब गायके यांचा दवाखाना होता. मनाच्या आजाराचे डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं.

गायके डॉक्टर कपाशीवाल्या घरातले. शिकून मोठे झाले, तरी त्यांना सगळं जग शेतातूनच दिसायचं. उदासीचा आजार कसा असतो हे त्यांनी नीट सांगितलं, गोळी लिहून दिली आणि बजावलं, "रोज एक. कपाशीवर फवारणीची पाळी चुकवली तर काय होतं, माहीत आहे ना?"

"आमाला शेत नाय, साहेब. मेंढरं हायती."

डॉक्टर जरा अडखळले. "बरं, मग मेंढरांना औषध पाजता ना? नेमानं, न चुकता? अगदी तसंच हे द्यायचं."

हे मात्र सखूबाईला चांगलं समजलं. वाईट एवढंच, की डॉक्टरांना जेवढं सांगायचं होतं त्यापेक्षा जास्त समजलं. कारण मेंढरांचा पहिला नियम असा, की कळपातल्या एकीला कधी औषध पाजायचं नाही. पाजायचं तर सगळ्या कळपाला. नाहीतर बरी झालेली मेंढी बाकीच्यांतून पुन्हा तोच रोग उचलते. सखूबाईच्या आजेसासऱ्यापासून हा नियम कोणी मोडला नव्हता.

घरात माणसं पाच. सोनाजी, सखूबाई, मुलगा बन्सी, सून आवडाबाई, आणि सोनाजीची आई साळूबाई, जिच्या तोंडाला वाडीतली कुत्रीसुद्धा टरकून असायची. सखूबाई रोज संध्याकाळी एक गोळी खलबत्त्यात कुटायची, चहाच्या पातेल्यात ढवळायची, आणि पाच कप भरायची. दोन महिने एक दिवस खाडा नाही.

दोन महिन्यांनी सोनाजी होता तिथंच होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, गोळीची ताकद वाढवली. वाढलेली ताकदही पाच जणांत सारखी वाटली गेली. आणखी सहा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "एका बैलाला नांगर ओढवत नसेल, तर तो बैल सोडून द्यायचा नसतो. जोडीला दुसरा जुंपायचा. ही पहिली गोळी चालूच राहील, तिच्या जोडीला ही दुसरी. यानं झोप लागेल, भूकही लागेल."

"आमाला बैल नाय, साहेब."

"पण समजलं ना?"

"समजलं की. दोन्ही द्यायच्या. पैल्यासारख्याच."

डॉक्टरांनी समाधानानं मान डोलावली.

दुसरी गोळी चहात पडली आणि घराची कळा बदलली. आवडाबाई तव्यावर भाकरी टाकून चुलीपुढंच पेंगू लागली. साळूबाई शिवी द्यायला तोंड उघडायची आणि मोठी जांभई देऊन मिटायची. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं सखूबाईला "बाय माझी" म्हटलं, तेव्हा सखूबाईला वाटलं म्हातारी आता काही वाचत नाही. आणि बन्सी काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या झोपला, तेवढ्यात सगळा कळप शेजारच्या तात्यासाहेबांच्या मक्यात शिरला.

तात्यासाहेब संध्याकाळी शंख करत दारात आले. आता आलेल्या माणसाला चहा न देता कसं पाठवायचं? सखूबाईनं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि सहावा कप भरला. तात्यासाहेब बाजेच्या कडेला टेकून भांडायला लागले, पण मक्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत येता येता त्यांची मान कलली. जेवणाच्या वेळी उठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "काल लई शांत वाटलं बघा तुमच्याकडं," म्हणाले आणि कपाची वाट बघत बसले. मग रोजच येऊ लागले.

म्हणजे सोनाजीच्या वाट्याला आता सहावा हिस्सा. घरदार सुखानं डोलत होतं आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो एकटा भिंतीकडं तोंड करून पडला होता. सखूबाई मात्र चहा पिऊनही टक्क जागी असायची. डोळा लागला आणि हा माणूस उठून कुठं गेला तर? ही भीती तिनं कोणाला सांगितली नाही. सांगायची कोणाला? ऐकणारे सगळे झोपलेले.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "आता तिसरं औषध जोडावं लागेल. एक क्षार असतो, त्याला मधून मधून रक्त तपासावं लागतं. पण त्याआधी मला घरातल्या सगळ्यांशी बोलायचंय. घेऊन या."

आठवड्यानं सगळं घर दवाखान्यात हजर झालं. बाकावर ओळीनं बसलेली मंडळी बघून डॉक्टर चक्रावले. साळूबाई बन्सीच्या खांद्यावर घोरत होती, बन्सी आवडाबाईच्या, आणि आवडाबाईला टेकायला भिंत मिळाली होती. बाकाच्या टोकाला सोनाजी खाली बघत बसला होता. डॉक्टरांनी एकदा ओळीकडं पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडं.

"सखूबाई, गोळ्या देता कशा? मला सगळं सांगा."

सखूबाईनं सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. खलबत्ता, पातेलं, पाच कप, वर तात्यासाहेब पाहुणे म्हणून. डॉक्टरांचं पेन हातातच राहिलं.

"अहो, दुसऱ्याची गोळी निरोग्याला देणं धोक्याचं असतं! कोणी सांगितलं तुम्हाला असं द्यायला?"

"तुमीच की. म्हणले, मेंढरांना देता आगदी तसंच."

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. मग त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि हसू ओसरल्यावर त्यांचा चेहरा पडला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी नुसत्या गोळ्या वाढवत गेलो. त्या पोटात किती जातात हे आधी विचारायला पाहिजे होतं."

"पर यकट्याला दिलं आन् रोग फिरून आला तर?"

"हा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही, बाई."

परतीच्या एसटीत सखूबाई खिडकीकडं तोंड करून बसली. आपल्याच हातानं आपण नवऱ्याचं औषध लोकांच्या घशात घातलं, या विचारानं तिचा जीव तुटत होता. डॉक्टरांनी दोष स्वतःकडं घेतला होता, पण तिच्या मनानं तो काही त्यांच्याकडं राहू दिला नाही.

तिसरं औषध डॉक्टरांनी लिहिलंच नाही. आधी पहिलीच गोळी, अख्खी, एकट्या सोनाजीला. सहा आठवड्यांत तो बाजेवरून उठून ओट्यावर बसू लागला, पण अन्न काही जाईना. तेव्हा जोडीला दुसरी दिली, तीही अख्खी. इकडं घरातल्या बाकीच्यांची झोप उडाली. साळूबाईचं तोंड तिसऱ्या दिवशी पूर्ववत चालू झालं. तात्यासाहेबांनी चहाची चव गेल्याचं जाहीर केलं आणि मक्याचं भांडण नव्यानं उकरून काढलं. घरात पुन्हा रोज कलकलाट होऊ लागला. एके दिवशी त्या कलकलाटात सोनाजीचा आवाज आला, "कालवणात मीठ हाय का नाय?" सखूबाई चुलीपाशी पदर तोंडात धरून उभी राहिली. या माणसानं भांडावं म्हणून तिनं किती देव पाण्यात ठेवले होते!

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा दवाखान्यात आले. या वेळी पुढं सोनाजी चालत होता.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं बरं हाय. आता कळपामागं जातो." सोनाजी थांबला. "पर साहेब, माझं ऱ्हाऊ द्या. हिला बघा. ही नीट चरत नाय. अर्धी भाकरी खाती, अर्धी ठिवती. सगळ्यांच्या मागं मागं ऱ्हाती. आन् मी कव्हाबी उठून बघावं तर हिचे डोळे उघडे. वर्ष झालं आसंल."

"मी काय मेंढी हाय व्हय?" सखूबाई उसळली.

"मेंढी आसतीस तर कव्हाच वळखलं आसतं. माणूस हायस म्हून इतके दिस लागले."

सखूबाईला उलटून बोलायचं होतं, पण ती रडायलाच लागली. अख्ख्या वर्षात ती रडली नव्हती. तेवढी सवडच मिळाली नव्हती.

डॉक्टरांनी नवा कागद पुढं ओढला. "किती दिवस झोप नाही, सखूबाई?"

"मला काय धाड भरलीय? मला काय बी झालं नाय," ती डोळे पुसत म्हणाली.

"थांबा, मी सांगतो," म्हणून सोनाजीनं खुर्ची पुढं सरकवली. ज्याच्या तोंडून वर्षभर दोन शब्द काढताना घरादाराची दमछाक झाली होती, तो माणूस बायकोबद्दल चांगला पाव तास बोलत होता. आणि सखूबाईनं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, त्याला मधे तोडलं नाही.