मागावरची फळी

राहतमियाँनं मुबारकला भिंतीशी उभं केलं, शेजारी भाला लावला आणि उंची पाहिली. पातं पोराच्या डोक्यावर दोन हात वर राहिलं.

"चालंल. वाढतंय की पोरगं."

परवापर्यंत शहागंजात अत्तर विकणारा हा माणूस आता खाकी सदरा घालून तुकडीचा म्होरक्या, सालार झाला होता. हुजूरांची रियासत वाचवायला पोरं गोळा करत होता. मुबारकची आई शकीला दारात आडवी उभी राहिली. मागच्या खोलीत तिचा नवरा कमरोद्दीन मागावरच्या अर्ध्या विणलेल्या हिमरू शालीसमोर हात थांबवून बसला होता.

"भाईजान, लेकरू हाय अजून."

"लेकरू?" राहतमियाँनं मुबारकचा पंजा उजेडात उलटा केला. मागावरच्या उंच फळीवर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढून ओढून बोटांना घट्टे पडले होते. "दुधाचे दात पडले नव्हते, तवा फळीवर चढवलं ह्याला. तवा लेकरू नव्हतं व्हय, भाभी? तुमच्या मागाला चालतं, अन् रियासतीला नाय?"

कमरोद्दीनची मान खाली गेली. त्या घट्ट्यांना शकीला रोज तेल लावायची. शेजारणींना कौतुकानं दाखवायची.

"अम्मी, सदराबी मिळतो," मुबारक हळूच म्हणाला.

तिनं त्याचा हात सालारच्या मुठीतून सोडवून घेतला.

"तवाबी लेकरूच होतं," ती म्हणाली. "पण माझ्या चुकीत तुमचा भाला नाय रोवायचा."

"उद्या तुकडी घेऊन येतो. बघू किती बोलता."

"या. मी हितंच हाय."

तो गेला. कमरोद्दीननं धोटा उचलला आणि कोणती दोरी ओढायची ते सांगणारी हाक रोजच्या चालीत घातली,

"बेल चढली, कळी जागली, ओढ रं माझ्या राजा..."

मुबारकचा पाय आपसूक मागाच्या शिडीवर गेला. शकीलानं त्याला दंडाला धरून खाली घेतलं, ओढणी कमरेला खोचली आणि स्वतः चढली. फळी करकरली.

"अगं, पोराच्या वजनाची हाय ती!"

"मोडली तर मोडू दे."

वर, तोंडासमोर, झरोका होता. खालच्या बोळात पोरं विटीदांडू खेळत होती. विटी उडाली, आरडाओरड झाली. झरोक्याची कड एका जागी गुळगुळीत झाली होती, कपाळ टेकून टेकून.

शकीलानं तिथं हात ठेवला. मग दोऱ्या मुठीत घेतल्या.

"मुबारक, बाहेर जा. खेळ."

तो रिकामे हात घेऊन तसाच उभा राहिला.

"अन् तुम्ही म्हणा की," ती वरून नवऱ्याला म्हणाली. "कोणती दोरी?"